स्लीपरचे भाडे कुठून वाढते

२६ डिसेंबर २०२५ पासून रेल्वेचे भाडे वाढले. मेल-एक्स्प्रेस गाड्यांना किलोमीटरमागे दोन पैसे. बातमी आली, दोन दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. तसे होणे साहजिकही होते. मुंबई ते नागपूर हे अंतर ८३७ किलोमीटरचे. दोन पैशांच्या हिशेबाने स्लीपरचे तिकीट साधारण सतरा रुपयांनी महाग झाले. त्याआधी १ जुलै २०२५ रोजी किलोमीटरमागे एक पैसा वाढला होता, म्हणजे साडेआठ रुपये. त्याच्याही आधी १ जानेवारी २०२० रोजी दोन पैसे, म्हणजे पुन्हा सतरा रुपये. तिन्ही वाढी एकत्र केल्या तरी सहा वर्षांत मुंबई-नागपूरचे स्लीपर तिकीट ४२ रुपयांच्या आसपास वाढले. सहा वर्षांत गॅस, भाजी, एसटी, घरभाडे यांचे काय झाले ते पाहिले तर याला भाडेवाढ म्हणायलाही कोणी तयार होणार नाही.

पण विदर्भातून पुण्या-मुंबईत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या कोणालाही विचारा, घरी जाऊन यायचा खर्च किती वाढला? ‘बेचाळीस रुपये’ असे उत्तर एकही माणूस देणार नाही. कोणी सांगेल, स्लीपरचे रिझर्वेशन मिळतच नाही म्हणून थ्री टियर एसीने जातो. कोणी सांगेल, दर वेळी तत्काळच काढावे लागते. निवृत्त शिक्षक सांगतील की त्यांची सवलत गेली ती परत आलीच नाही. यातल्या एकाही गोष्टीला सरकारी भाषेत भाडेवाढ म्हणत नाहीत. रात्रीच्या प्रवासाचा खर्च मात्र याच गोष्टींनी वाढवला आहे.

हे समजून घ्यायचे तर आधी तिकिटावरचा आकडा कसा तयार होतो ते पाहू. पाया असतो मूळ भाड्याचा. ते अंतरावर ठरते, पण सरळ प्रमाणात नाही. अंतर वाढत जाते तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो, म्हणून लांबचा प्रवास तुलनेने स्वस्त पडतो. त्यावर स्लीपरला २० रुपये आरक्षण शुल्क आणि गाडी सुपरफास्ट असेल तर आणखी ३० रुपये. सुपरफास्ट म्हणजे काय, तर ब्रॉडगेजवर सरासरी ताशी ५५ किलोमीटर. वेळापत्रकात हा वेग दाखवला की अधिभार लागतो, त्या दिवशी गाडी तीन तास उशिरा पोचली तरी तो परत मिळत नाही. तिकीट ऑनलाइन काढले तर सुविधा शुल्क वेगळे. एसीच्या तिकिटावर पाच टक्के जीएसटी असतो, स्लीपरवर नाही. पैशांत जाहीर होणारी वाढ फक्त मूळ भाड्यात होते. बाकीचे सगळे त्या बातमीच्या बाहेर राहते.

आता डब्याचा हिशेब. माझ्या मते सगळ्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. रेल्वेच्या डब्याची लांबी ठरलेली असते. एका गाडीला डबे किती लावायचे यालाही मर्यादा असते, कारण प्लॅटफॉर्म तेवढाच लांब असतो. नव्या बांधणीच्या एलएचबी डब्यांच्या गाड्यांना साधारण २२ डबे लागतात. म्हणजे गाडी सुटताना रेल्वेच्या हाती विकायला मोजकीच जागा असते, आणि बर्थची गोष्ट तर अशी की रात्रभर एकच माणूस तिथे झोपतो. बसायची खुर्ची दिवसात दोन-तीनदा विकता येते, विमान दिवसात चार फेऱ्या मारते. बर्थ बहुतेक वेळा एका रात्रीत एकदाच विकला जातो. त्यामुळे त्या एका डब्यात कोणती खाट लावायची, या निर्णयावर रेल्वेचे उत्पन्न ठरते.

एलएचबी स्लीपर डब्यात ८० बर्थ असतात. थ्री टियर एसीत ७२. टू टियरमध्ये पन्नासच्या थोडे वर आणि फर्स्ट एसीत २४. आता मुंबई-नागपूरसाठी हिशेबाच्या सोयीने स्लीपरचे भाडे ४५० आणि थ्री टियर एसीचे १,२०० धरू. प्रत्यक्ष आकडे गाडीगणिक थोडे इकडेतिकडे होतात, पण दोहोंतले अंतर अडीचपटीच्या वरच असते. भरलेला स्लीपर डबा देतो ३६,००० रुपये. तेवढ्याच लांबीचा, त्याच रुळावरून, त्याच इंजिनामागून जाणारा थ्री टियर एसीचा डबा देतो ८६,४०० रुपये. एका डब्यामागे एका रात्रीत पन्नास हजारांचा फरक. एसी डब्याचा खर्च जास्त आहे हे खरे. वीज लागते, चादरी, उशी, ब्लँकेट द्यावे लागते, डबाही महाग असतो. पण तो सगळा खर्च भरून निघतो. रेल्वेच्या स्वतःच्याच हिशेबात प्रवासी वाहतुकीच्या बहुतेक श्रेणी तोट्यात असताना थ्री टियर एसी मात्र नफ्यात दिसत आली आहे.

मग काय होणार ते उघड आहे. जुने निळे आयसीएफ डबे जाऊन लाल एलएचबी डबे आले, तेव्हा गाड्यांची रचनाही बदलली. पूर्वी दहा-अकरा स्लीपर डबे लागायचे अशा अनेक गाड्यांत ते सहा-सातवर आले, काहींत त्याहूनही खाली. जागा घेतली थ्री टियर एसीने, आणि २०२१ पासून थोड्या कमी भाड्याच्या थ्री इकॉनॉमीने. एका गाडीतले चार स्लीपर डबे बदलले की ३२० स्वस्त बर्थ जातात आणि २८८ महाग बर्थ येतात. भाड्याच्या तक्त्यात एका पैशाचाही बदल झालेला नसतो. पण ज्याला स्लीपर मिळाले नाही आणि नाइलाजाने एसी काढावे लागले त्याला त्या रात्री साडेसातशे रुपये जास्त मोजावे लागले. सहा वर्षांतल्या सगळ्या जाहीर भाडेवाढीच्या हे जवळजवळ अठरापट आहे.

एसीला मागणी नाही असे नव्हे. मे महिन्यात भुसावळ ते नागपूर हा टप्पा खिडकीतून येणाऱ्या झळांमध्ये ज्यांनी काढला आहे त्यांना एसी ही चैन वाटणार नाही. लोकांच्या हाती थोडा पैसा आला, लहान मुले बरोबर असतात, प्रवास सुखाचा व्हावा असे वाटते. हे चांगलेच आहे. ज्याला एसी हवे त्याला ते मिळाले पाहिजे. तक्रार निवड हिरावली जाते याची आहे. स्लीपरची वेटिंग लिस्ट दीडशे-दोनशेवर गेलेली असते, तरी डबा मात्र एसीचा वाढतो.

या जागी मधु दंडवते आठवतात. राजापूरचे खासदार, आणि १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री. तोवर दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात नुसत्या लाकडी फळ्या असत. रात्रभर त्यावर झोपून सकाळी उतरणाऱ्याचे अंग मोडून निघे. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम घालायला लावला. पहिला वर्ग खाली ओढायचा नाही, दुसरा वर्ग वर आणायचा, ही त्यांची भूमिका होती. २६ डिसेंबर १९७७ रोजी हावडा ते मुंबई गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, तीत वर्गभेद नव्हता. २०२५ ची भाडेवाढ लागू झाली तीही २६ डिसेंबरलाच, अठ्ठेचाळीस वर्षांनी. तारखांचा हा योगायोग आहे, त्यात अर्थ शोधायला नको. पण दंडवत्यांच्या निर्णयातून एक धोरण दिसते. स्लीपरचा प्रवासी हा रेल्वेचा मुख्य प्रवासी आहे, हे त्यांनी गृहीत धरले होते. आज लांब पल्ल्याच्या नव्या गाड्या कशा येतात पाहा. जानेवारी २०२६ मध्ये हावडा ते कामाख्या अशी पहिली वंदे भारत स्लीपर सुरू झाली. १६ डबे, सगळे एसी. अंतर कितीही कमी असले तरी किमान ४०० किलोमीटरचे भाडे, आणि आरएसीची सोय नाही. अशाच गाड्या आपल्या लातूरच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यातही बांधायच्या आहेत. गाडी उत्तम आहे, लातूरला काम मिळते आहे, त्याचा आनंदच आहे. पण नाव स्लीपर असलेल्या या गाडीत आपण ज्याला स्लीपर म्हणतो तो डबाच नाही.

भाडे उघडपणे का वाढवत नाहीत, याचे उत्तर मार्च २०१२ मध्ये सापडते. दिनेश त्रिवेदी रेल्वेमंत्री होते. बरीच वर्षे भाड्याला हात लागला नव्हता. त्यांनी अर्थसंकल्पात स्लीपरला किलोमीटरमागे पाच पैसे वाढ सुचवली, एसीला त्याहून जास्त. त्यांच्याच पक्षाच्या ममता बॅनर्जी संतापल्या आणि चार दिवसांत त्रिवेदींना राजीनामा द्यावा लागला. नंतर आलेल्या मुकुल रॉय यांनी स्लीपर आणि थ्री टियरची वाढ मागे घेतली, वरच्या वर्गांची ठेवली. पुढे जानेवारी २०१३ मध्ये स्लीपरला सहा पैसे वाढले आणि जून २०१४ मध्ये सरसकट १४.२ टक्के. पण २०१२ चा धडा सर्व पक्षांच्या लक्षात राहिला. ‘भाडेवाढ’ हा शब्द मंत्र्याची खुर्ची घालवू शकतो. २०१७ पासून तर वेगळा रेल्वे अर्थसंकल्पच राहिला नाही. शेवटचा मांडला तो सुरेश प्रभूंनी, फेब्रुवारी २०१६ मध्ये. आता भाडे परिपत्रकाने वाढते, संसदेत त्यावर आधी चर्चा होत नाही.

भाडेवाढ न म्हणता जास्त पैसे घेण्याच्या आडवाटांपैकी सर्वात ठळक म्हणजे फ्लेक्सी भाडे. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरंतो गाड्यांत ते सुरू झाले. दर दहा टक्के बर्थ विकले गेले की पुढच्या दहा टक्क्यांचे मूळ भाडे दहा टक्क्यांनी चढते. सुरुवातीला काही श्रेणींत ही चढण दीडपटीपर्यंत जाई, २०१९ पासून कमाल मर्यादा १.४ पट आली आणि काही गाड्यांतून योजना काढण्यात आली. हजार रुपये मूळ भाडे धरले तर पहिल्या दहा टक्क्यांना हजार, मग अकराशे, बाराशे, तेराशे आणि उरलेल्या साठ टक्क्यांना चौदाशे. गाडी पूर्ण भरली तर सरासरी येते बरोबर तेराशे. म्हणजे ‘कमाल ४० टक्के’ असे सांगितले जाते तेव्हा दहातल्या सहा प्रवाशांना ती कमालच लागू होते. कॅगने २०१८ मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात या योजनेचा हिशेब मांडला. पहिल्या सुमारे अकरा महिन्यांत उत्पन्न ५५२ कोटींनी वाढले, पण प्रवासी साडेसहा लाखांनी घटले. कोणी विमानाकडे वळले, कोणी साध्या मेल-एक्स्प्रेसकडे.

दुसरी वाट तत्काळची. १९९७ च्या डिसेंबरात ही सोय सुरू झाली ती अडीनडीला, अचानक निघावे लागणाऱ्यांसाठी. स्लीपरला तत्काळचे शुल्क किमान १०० आणि कमाल २०० रुपये. कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केले तर एक रुपयाही परत नाही. २०१४ मध्ये प्रीमियम तत्काळ आले, त्यात भाडे मागणीप्रमाणे चढते. साध्या रिझर्वेशनमध्ये जागा पुरेशी असती तर तत्काळ खरोखर अडीनडीपुरते राहिले असते. ती नाही, म्हणून ज्याला आठवडाभर आधी प्रवासाची तारीख माहीत आहे तोही सकाळी अकराला मोबाइल घेऊन बसतो. तत्काळचे किमान शुल्कसुद्धा सहा वर्षांतल्या जाहीर वाढीच्या दुप्पट आहे. वेटिंगच राहिलेले स्लीपर तिकीट असेल तर चार्ट लागल्यावर ते आपोआप रद्द होते आणि नियमाप्रमाणे ६० रुपये कापले जातात. माणूस घरीच राहिला, बेचाळीसहून जास्त रुपये मात्र गेले. आरएसीवाले दोघे एका साइड लोअरवर पाय दुमडून रात्र काढतात, भाडे दोघांकडून पूर्ण घेतले जाते.

यातली सर्वात मोठी वाढ ज्येष्ठांची. साठीपुढच्या पुरुषांना भाड्यात ४० टक्के आणि अठ्ठावन्नपुढच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. करोनाच्या तोंडावर, २० मार्च २०२० रोजी ती थांबवली. गर्दी टाळावी, वृद्धांनी घराबाहेर पडू नये, हे तेव्हाचे कारण योग्य होते. साथ सरली, गाड्या पूर्ववत धावू लागल्या, सवलत आली नाही. नवरा-बायको दोघेही सत्तरीचे आहेत आणि मूळ भाडे प्रत्येकी ५०० आहे असे धरू. पूर्वी दोघांचे मिळून ५५० होत, आता हजार होतात. ऐंशी टक्क्यांहून जास्त वाढ, एका दिवसात, आणि कोणत्याही अर्थसंकल्पात तिचा उल्लेख नाही. संसदेच्या स्थायी समितीने निदान स्लीपर आणि थ्री टियरमध्ये सवलत परत द्यावी अशी शिफारस केली. ती अजून कागदावरच आहे. मुलाकडे पुण्याला, मुलीकडे नागपूरला, वर्षातून एकदा पंढरपूरला जाणाऱ्या या माणसांनी आयुष्यभर कर भरला आहे. त्यांच्या बाबतीत एवढी ताठर भूमिका घेणे मला अन्यायाचे वाटते.

कोकणातल्या वाचकांसाठी आणखी एक. कोकण रेल्वेचा मार्ग बांधायला अवघड आणि महाग होता, म्हणून रोहा ते ठोकूर या पट्ट्यात प्रवासी भाड्यासाठी अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरण्याची पद्धत पडली. प्रत्यक्षातले १०० किलोमीटर तिकिटाच्या हिशेबात १४० होतात. मार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला, पद्धत दीर्घकाळ चालत राहिली. गणपतीत विशेष भाड्याच्या गाड्या सोडतात तेव्हा त्यावर आणखी भर पडते. मूळ भाड्यावर जवळपास ३० टक्के अधिक आणि स्लीपरला किमान ५०० किलोमीटरचे भाडे. त्यामुळे मुंबईहून चिपळूणला उतरणाराही बरेच पुढे जाणाऱ्याइतकेच पैसे देतो.

रेल्वेची बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती पोकळ नाही. मार्च २०२५ मध्ये रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितले की एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्याचा खर्च १ रुपया ३८ पैसे येतो आणि वसूल होतात ७३ पैसे. २०२२-२३ मध्ये ही तूट सुमारे ५७ हजार कोटींची होती. ती भरून निघते मालवाहतुकीतून. कोळसा, सिमेंट, धान्य नेण्याचे दर त्यासाठी चढे ठेवावे लागतात, आणि कोळशाचे भाडे शेवटी आपल्या वीजबिलात येते. चढ्या दरांमुळे माल ट्रककडे गेला, त्याची किंमत रस्त्यांनी आणि हवेने मोजली. तेव्हा भाडे कधीच वाढू नये ही मागणी प्रामाणिक नाही. वर्षाला चार-पाच टक्के, सांगून-सवरून वाढ झाली तर स्लीपरचा प्रवासी ती देईल. पण त्या १ रुपया ३८ पैशांत लोकल, पॅसेंजर, स्लीपर, एसी सगळे मिसळलेले आहेत. स्लीपरच्या एका बर्थवर नेमका किती तोटा होतो हे वेगळे मांडल्याशिवाय त्याच्याकडून किती घ्यायचे हे ठरवता येणार नाही.

शिवाय वाटणी पाहा. २०२० मध्ये बिनएसीला दोन पैसे होते तेव्हा एसीला चार होते. जुलै २०२५ मध्ये एक आणि दोन. डिसेंबर २०२५ मध्ये दोघांनाही दोनच. ढोबळमानाने स्लीपरचा दर किलोमीटरला पन्नास पैशांच्या थोडा वर आणि थ्री टियर एसीचा दीड रुपयाच्या जवळ. म्हणजे तेच दोन पैसे स्लीपरवाल्याला जवळपास चार टक्के पडले आणि एसीवाल्याला दीड टक्क्याहून कमी. कमी पैसेवाल्यावर जास्त भार टाकणारी ही वाटणी चुकीची आहे, आणि ती पुढच्या वाढीत सुधारली गेली पाहिजे.

तोवर प्रवाशाच्या हाती थोडे आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्वेशन १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. सणाची तारीख ठरली असेल तर रिझर्वेशन उघडते त्याच सकाळी तिकीट काढा. ऑनलाइन अर्जात ऑटो अपग्रेडेशनच्या चौकटीत खूण करायला विसरू नका. एसीत जागा रिकामी राहिली तर जादा पैसे न देता ती मिळू शकते, आणि तुमचा स्लीपरचा बर्थ वेटिंगमधल्या कोणाला तरी मिळतो.

आणि आपल्या गावावरून जाणारी गाडी नव्या डब्यांची झाली अशी बातमी आली की स्लीपरचे डबे आधी किती होते आणि आता किती राहिले, याची चौकशी करा. तो आकडा खासदारांना विचारा, विभागीय रेल्वे प्रवासी सल्लागार समितीतल्या सदस्यांना विचारा, माहितीच्या अधिकारात विचारा. डबा कमी करण्याआधी त्या गाडीची वर्षभराची वेटिंग लिस्ट जाहीर करावी आणि ज्येष्ठांची सवलत निदान स्लीपरमध्ये परत द्यावी, एवढ्या दोन मागण्या प्रत्येक प्रवासी संघटनेने लेखी लावून धराव्यात.